झाकणावरचं नाव

ताईला लॅपटॉप बनवायचा होता. विकायचा नाही, दुरुस्त करायचा नाही, बनवायचा. इंजिनिअरिंगला असताना तिनं कुणाचा तरी बंद पडलेला लॅपटॉप आणून सोलापुरात आमच्या अक्कलकोट रोडवरच्या दोन खोल्यांत उघडून ठेवला होता. आई त्याला वळसा घालून स्वयंपाक करायची, पण उचल म्हणाली नाही.

पुढं पुण्यात एका नामांकित लॅपटॉप कंपनीत तिला नोकरी लागली. आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले. थोडे दिवस गेल्यावर ताईनं साहेबांना विचारलं, "सर, डिझाइनचं काम कुठं चालतं?"

"तैवानला."

"आपलं ऑफिस आहे तिथं?"

"आपलं नाही. तिथली एक कंपनी आहे. आराखडा तीच करते, चीनमधल्या तिच्या कारखान्यात माल तयार होतो. पडदा केवढा, रंग कुठला, किंमत कितीपर्यंत, एवढं आपण सांगायचं. माल आपलं नाव लागूनच येतो."

ताईचं काम म्हणजे आलेले नमुने चालवून बघणं आणि चुका कळवणं. एकदा तिनं आपल्या कंपनीचा आणि कंपनीच्या कट्टर स्पर्धकाचा, असे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडले. आतल्या हिरव्या पट्टीवर, म्हणजे बोर्डवर, दोन्हीकडे त्याच तैवानी कंपनीची खूण होती.

दिवाळीला घरी आल्यावर तिनं हे आईला सांगितलं. आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती. ती म्हणाली, "आमी बी तेच करतो की. टॉवेल हितला, लेबल परदेशातलं. त्यात काय मनाला लावून घ्यायचं?"

"तू टॉवेल तरी करतेस, आई," ताई म्हणाली. "मी लेबलवाल्यांकडं आहे."

आईला ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती करंज्या तळत राहिली.

ताईनं त्या तैवानच्या कंपनीत अर्ज केला. बोर्ड डिझाइनचा अनुभव हवा, असं उत्तर आलं. तो अनुभव देणारी जागा तिला इकडं कुठं सापडली नाही. मग दक्षिणेत लॅपटॉपचा नवा कारखाना निघाल्याचं कळलं, तिकडं ती मुलाखतीला जाऊन आली. बोर्ड तयार येत होते, पडदे तयार येत होते. तिथं ते फक्त जोडायचे होते. परत येऊन ती पुन्हा नमुने तपासायला लागली.

नंतर नमुने तपासायचं कामही कंपनीनं त्या तैवानवाल्यांकडंच सोपवलं आणि ताईचा विभाग बंद झाला. सामान घेऊन ती सोलापूरला आली. आता जुळे सोलापूर भागात एका क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवते. चांगलं शिकवते म्हणतात. घरी आली की जेवते आणि भिंतीकडं तोंड करून पडते. आई तिच्या पाठीवरून हात फिरवते.

मला परवा कामासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. घरात हिच्याहून जाणतं कोण, म्हणून मी विचारलं, "ताई, कुठला घेऊ गं?"

"कुठलाही घे," ती म्हणाली.

दुकानदारानं पहिला दाखवला तोच मी घेऊन आले. तिनं तो अजून हातात घेतलेला नाही.