स्वस्तातलं ड्रिल आणि ताईचा दांडा

ऑपरेटरबाईंनी टेलिफोनच्या कचेरीत तेहतीस वर्षं जगाच्या लाइनी जोडून दिल्या, पण घरात साधा खिळा कधी ठोकला नाही. अशा बाईनं बासष्टाव्या वर्षी ड्रिल मशीन विकत घ्यावं, तेही दुकानातलं सगळ्यात स्वस्त, म्हणजे कमालच म्हणायची.

कारण होतं थोरली बहीण. ताई पडल्यापासून तिचा गुडघा कामातून गेला होता. मुलाच्या घरी अंघोळीला उठता-बसताना सुनेचा हात धरावा लागायचा. सून गुणाची, पण ताई भारी मानी. 'माझ्याकडे राहायला ये' म्हणून बाई सहा महिने मागे लागल्या, तेव्हा कुठे ती म्हणाली, "चार दिवस येते. तुझ्याकडेही अंघोळीला कुणाचा हात लागला, तर परत जाईन. मग पुन्हा बोलवायचं नाही."

बाईंनी न्हाणीघरात लावायला स्टीलचा दांडा आणला. मिस्त्री रोज "उद्या नक्की" म्हणायचा आणि त्याचा उद्या काही उजाडायचा नाही. ताई रविवारी यायची होती. शुक्रवारी बाईंचं टाळकं सटकलं. "आपला हात जगन्नाथ," म्हणत त्या तडक जाऊन मशीन घेऊन आल्या.

उथळ पाण्याला खळखळाट फार, तशातलं ते यंत्र. अर्धा तास घरघर, जळका वास, आणि टाइलवर टिकलीएवढा डाग. बाई तणतणत दुकानात गेल्या. "हे यंत्र आहे की खुळखुळा?"

दुकानदारानं मशीन हातात घेऊन पाहिलं. "बाई, तुम्ही हे उलटं फिरवताय. हे बटण अलीकडे ओढलं की भोक पडतं, पलीकडे ढकललं की स्क्रू बाहेर येतो. नाचता येईना अंगण वाकडं."

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. बाईही हसल्या. करतात काय, चूक शंभर टक्के त्यांचीच.

घरी येऊन बटण ओढलं आणि मशीनचं टोक सर्रकन भिंतीत गेलं. केसांत विटांची तांबडी भुकटी, चेहऱ्यावर हसू मावेना. त्या भरात बाईंनी गरज नसताना स्वयंपाकघरात दोन भोकं पाडली आणि चाळणी टांगली. दांडा बसल्यावर त्याला लोंबकळून पाहिलं. तसूभर हलला नाही.

रविवारी ताई काठी टेकत आली. न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून तिनं हात वर केला, तर दांडा वीतभर वरच राहिला.

माप घेताना ताईएवढं व्हायला बाई टाचा उंचावून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या मनातली ताई अजून तीच, वरच्या फळीवरचा डबा सहज काढून देणारी आणि धाकटीला 'ठेंगू' म्हणून चिडवणारी. समोरची ताई आता उभी राहिली तरी त्यांच्या खांद्याला लागत होती. म्हातारपणी माणसं वाकतात हे बाईंना माहीत होतं, पण आपली ताईही वाकेल हे काही डोक्यात आलं नव्हतं. त्यांना रडूच फुटलं.

"अगं ठेंगू, मी काय ताडाचं झाड आहे? रडतेस काय, पेन्सिल दे." ताईनं बसल्या जागी हात टेकून भिंतीवर खूण केली. "आता ते यंत्र इकडे आण."

"धक्का बसतो हं, ताई."

"तुला कडेवर घेऊन गावभर हिंडले आहे मी. त्यापुढे हे काय."

बाईंनी मागून तिची कोपरं धरली. मशीन घरघरलं, दोघी गदगदा हलल्या आणि हसून हसून बेजार झाल्या. सहा भोकांपैकी चार ताईनं पाडली. दांडा खाली आला, टाइलला वरची भोकं तशीच राहिली.

सोमवारी सकाळी ताई अंघोळीला गेली. हाक येईल म्हणून बाई दाराशीच उभ्या. आतून कडी लागली. पाण्याचे आवाज आले, मग बराच वेळ काहीच नाही.

"ताई, हात देऊ का?"

"नको. उठले मी." क्षणभरानं पुन्हा आवाज आला. "दारात उभी राहू नकोस. मुलाला फोन लाव. म्हणावं, माझे उरलेले कपडे पाठवून दे."