घोडीची चूक नव्हती

मित्रांनो, आज सकाळी तबेल्यात घोडीनं मन्साराम काकांना लाथ मारली. गुडघा फुटला. काका आमच्या कामठ्याचे. मला इथं राजस्थानात त्यांनीच कामाला लावलं.

इथली थंडी एकदम कोरडी. घोडीवरची नायलॉनची झूल ओढली की चटचट आवाज येतो, बोटाला झटका बसतो. काका रोज सांगत, "पोट्ट्या, झूल ओढू नको, उचलून काढ. खरारा करताना ब्रशवर ओला हात फिरव. घोडीले हात लावायच्या आधी लोखंडी खांबाले लाव, म्हंजे तिले झटका नाही बसत."

मी म्हणायचो, "काका, तुमी त सांगूनच राहता. एवढ्या मोठ्या घोडीले एवढ्याशा झटक्यानं का होते!"

आज घाईत मी झूल खस्सकन ओढली आणि तिच्या तोंडाला हात लावला. झटका बसला तशी ती बिथरली. काका मागे खूर साफ करत होते.

रागात मी तिला लगामानं झोडपलं.

दवाखान्यात काकांनी पहिलं हेच विचारलं, "काऊन रे, घोडीले कोणी मारलं त नाही?"

मी म्हटलं, "नाही."

मालक म्हणतो, घोडी मारकी आहे, उद्या विकून टाकतो. खरं सांगितलं तर ती राहील, माझं काम जाईल. मी अजून गप्प आहे.

कोणी घोडे सांभाळत असाल तर थंडीत ब्रश जरा ओला करत जा. आणि मला एवढं सांगा, उद्या काकांनी "घोडी कशी आहे?" विचारलं, तर काय सांगू?