पेडलं बांधून ठेवणारे मुखरूभाऊ

शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मुखरू मडावी सावली तालुक्यातल्या एका लहान चर्चच्या फरशीवर आडवे झाले आहेत. त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत पायपेटीच्या पोटात आहे. पायपेटी म्हणजे पायांनी भाता चालवून वाजवायचा जुना ऑर्गन. मुखरूभाऊ वडशाचे. नाटक मंडळ्यांच्या पेट्यांवर ते हे काम शिकले. नाताळाआधी चर्चच्या पेट्यांसाठी थेट सिरोंच्यापर्यंत मोटरसायकलने जातात.

ही पेटी दिवाळीपासून हवा धरत नाही. कोपऱ्यात नवा कीबोर्ड खोक्यासकट उभा आहे. उद्याच्या उपासनेत पेटी वाजली नाही तर ती भंगारात द्यायची, असं चर्चच्या मंडळीचे कारभारी देवाजी यांनी ठरवलं आहे. पेटी वाजवतात सत्तरीच्या सुगंधाबाई. कीबोर्डची बटणं त्यांना दिसत नाहीत.

मुखरूभाऊंचा हात बाहेर आला तो कुरतडलेल्या कागदाचा तुकडा घेऊन.

"देवाजीभाऊ, भाता कायनं चिकटवला होता?"

"शितानं. घरी पतंग चिकटवतो तसा."

"मंग उंदीर येईन नाई तं काय? तुम्ही त्याइले पंगत वाढली."

"अन् जेवणाआधीची प्रार्थना मी वाजवत होती," सुगंधाबाई म्हणाल्या. देवाजींनाही हसू आवरलं नाही.

उंदरांनी शितांबरोबर कातडंही खाल्लं होतं. मुखरूभाऊंनी भोकांवर बकरीच्या पातळ कातड्याची ठिगळं लावली. लईत, म्हणजे चिकटवायच्या पिठाच्या खळीत, मोरचूद शिजवलेलं, म्हणजे उंदीर पुन्हा तोंड लावत नाही. मग पितळी सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या बारीक पट्ट्या, एकेक काढून ब्रशने झाडले. एक उतरलेला होता. त्याचं टोक कानशीने जरासं घासायचं, सोबत आणलेल्या छोट्या भात्यावर वाजवून ऐकायचं, पुन्हा घासायचं. जास्त घासला तर सूर वाया जातो. मोबाइलमध्ये सूर मोजणारं अ‍ॅप आहे. ते त्यांनी सगळ्यात शेवटी उघडलं. काटा मधोमध होता.

देवाजींना धीर नव्हता. "झालं न? आता वाजवून दाखवा."

"आता वाजन. उद्या उसवन. लई रातभर वाळू द्या."

"अन् सकाळी नाईच वाजली तं?"

"तं तुमचं खोकं मीच खोलून देतो."

सुगंधाबाई स्टुलावर येऊन बसल्या होत्या. पायही पुढे गेला होता.

"बाई, पाय मांगं घ्या."

"एकच डाव, भाऊ."

मुखरूभाऊंनी खिशातून सुतळी काढून दोन्ही पेडलं एकमेकांना आणि पेटीच्या पायाला आवळून बांधली. ओल्या ठिगळाची प्रत्येक पेटी ते अशीच सोडून जातात. नाटकवाले यावरून भांडतात, पण दुसऱ्या वर्षी पुन्हा त्यांनाच बोलावतात.

सुगंधाबाई उठल्या आणि खडू घेऊन गीतांच्या फळ्यापाशी गेल्या. लांब सुरांचं १३७ क्रमांकाचं गीत पेटी बिघडल्यापासून त्यांनी टाळलं होतं, कारण मध्येच हवा संपायची. आता त्यांनी तेच लिहिलं, तेही सगळ्यात वर.

देवाजींनी फळा वाचला. मग दाराची किल्ली मुखरूभाऊंच्या हातात दिली.

उद्या सकाळी सातला मुखरूभाऊ सुतळी सोडतील. उपासना नऊला आहे, पहिलं गीत १३७.