पाचगणीच्या रस्त्यावर घेतलेलं नाव

त्या दिवशी माझ्या तोंडात देवाचं नाव आलं नाही, हे मला सगळ्यात आधी सांगितलं पाहिजे. पुढचं सगळं सांगताना मला जेवढी लाज वाटत नाही, तेवढी याची वाटते.

मी सांगलीला विश्रामबागेत राहते. तीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवलं आणि निवृत्तीनंतर वेदान्तावर प्रवचनं करू लागले. आत्म्याला जन्म नाही, मरण नाही, देह हे केवळ वस्त्र आहे, आपण फक्त साक्षी आहोत, हे मी इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासानं सांगितलं होतं की मला ते कळलं आहे असं मी धरूनच चालले होते. त्या सकाळीही पाचगणीला माझं प्रवचन झालं. ते संपल्यावर एक म्हातारी बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, मला यातलं काय कळत न्हाई. नुसतं नाव घेतलं तर चालंल का?" मी हसून म्हटलं, "चालेल की आजी, पण ती पहिली पायरी आहे. तिथंच बसून राहायचं नसतं." माझं हे उत्तर लोकांना आवडलं. मलाही आवडलं.

परतीला माझे यजमान गाडी चालवत होते. घाट सुरू होण्याआधी रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे स्टॉल लागतात, तिथे त्यांनी गाडी थांबवली. सकाळचे दहा वाजून गेले होते, थंडीतलं छान ऊन पडलं होतं. ते खाली उतरले, एक पेटी उचलून वास घेतला, माझ्याकडे वळून काहीतरी बोलायला लागले आणि त्या अर्ध्या वाक्यातच खाली कोसळले. हात पुढे न करता, सरळ तोंडावर. पेटी उपडी झाली. मी धावले, कसंबसं त्यांना उताणं केलं. डोळे अर्धवट उघडे होते, पण त्या डोळ्यांत ते नव्हते.

मी काय केलं? मी त्यांचा खांदा धरून "उठा ना, अहो उठा ना" एवढंच म्हणत राहिले. एक श्लोक आठवला नाही. राम आठवला नाही, दत्त आठवला नाही, माझं कुलदैवत आठवलं नाही. आत नुसती पांढरी भिंत होती. भोवती माणसं जमली. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा आणा म्हणालं, दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले. ज्या साक्षीभावावर मी सकाळी दीड तास बोलले होते, तो असा माझ्याभोवती गोल करून उभा होता आणि माझा नवरा थंड होत चालला होता.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक माणूस आत आला. साठीच्या आसपासचा, अंगात वॉचमनचा खाकी स्वेटर, पांढऱ्या मिश्या. तो समोरच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होता, हे नंतर कळलं. त्यानं यजमानांच्या नाकाशी गाल नेला, मानेला बोटं लावली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, बाजूला व्हा. श्वास न्हाई." मग गर्दीवर ओरडला, "फोन हातात हायत ना? मग ॲम्ब्युलन्सला लावा की!"

गुडघ्यांवर बसून त्यानं दोन्ही हात एकावर एक ठेवले आणि यजमानांची छाती दाबायला सुरुवात केली. इतक्या जोरानं की मी किंचाळले. आतलं काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. आणि प्रत्येक दाबाबरोबर तो माणूस म्हणत होता, "राम. राम. राम. राम."

मला वाटलं, हे संपले म्हणून हा रामनाम घेतोय. मी म्हटलं, "थांबवा हो, नका करू." तो तसाच दाबत राहिला आणि धापा टाकत म्हणाला, "आवं ताई, गेलं न्हाईत ते अजून. मोजायला गेलो की माझं चुकतं, म्हनून नाव घेतो. एका नावाला एक दाब. तुमी बी म्हना. माझा दम सुटला तरी ताल सुटाया नको."

मग मी म्हटलं. त्या डांबराच्या कडेला, सांडलेल्या स्ट्रॉबेरींमध्ये बसून, फाटक्या आवाजात मी "राम, राम" म्हणू लागले. त्यात भक्ती होती असं मी म्हणणार नाही. अर्थ तर नव्हताच. पण माझ्या तोंडून नाव निघत होतं, त्या नावावर त्याचे हात खाली जात होते आणि त्या हातांखाली माझ्या माणसाचं रक्त पुढे सरकत होतं. मध्येच थांब्यावर एसटी आली. कंडक्टरनं हाक मारली. त्यानं मान वर केली नाही. गाडी निघून गेली.

रुग्णवाहिका आली तेव्हा कुठे त्यानं हात उचलले. आतल्या डॉक्टरांनी यंत्र लावलं, विजेचा झटका दिला. दुसऱ्या झटक्याला यजमानांची छाती आपली आपण वर आली. मला रुग्णवाहिकेत चढवताना मी त्या माणसाला एवढंच विचारू शकले, "तुमचं गाव कुठलं?" तो म्हणाला, "वडूजच्या अलीकडं. पाचगणीला शाळेवर वॉचमन हाय मी. फौजेतनं रिटायर झालेला वॉचमन म्हना, कोनीबी सांगंल."

साताऱ्यात उपचार झाले. तीन बरगड्या मोडल्या होत्या, हृदयात स्टेंट बसवावा लागला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही मिनिटांत छाती दाबली म्हणून वाचले. मी त्यात काही भर घालत नाही. पण घरी आल्यावर कित्येक दिवस मी पुस्तक उघडू शकले नाही. मोडलेल्या बरगडीचा तो आवाज आणि ते नाव माझ्या कानात एकत्रच येत.

दोन महिन्यांनी यजमान हिंडूफिरू लागले, तेव्हा पाचगणीच्या शाळेत त्या वॉचमनचा पत्ता विचारून, त्याची सुट्टी बघून आम्ही दोघं वडूजकडे गेलो. रानात छोटं घर होतं. आम्हाला बघून त्या माणसानं यजमानांना घट्ट मिठी मारली आणि लगेच विचारलं, "बरगड्या दुखत्यात का अजून? लय जोर लावला गड्या मी." सुनेनं चहा आणला. भिंतीवर एका बाईंचा हार घातलेला फोटो होता. माझी नजर तिकडे गेलेली बघून सून म्हणाली, "आमच्या आत्याबाई. सासू माझ्या. त्यांच्या वर्षश्राद्धालाच मामंजी येत हुतं त्या दिवशी. गुरुजी लय वेळ थांबलं. मग आमच्या ह्यांनी उरकून घेतलं."

मी कप खाली ठेवला. तो माणूस सुनेवर चिडला, "कशाला सांगतीस गं?" मग आपणच सांगू लागला. त्याची बायको, हौसाबाई, ज्वारीच्या रानात अशीच अचानक पडली होती. तो सुट्टीवर घरीच होता. त्यानं असेच हात ठेवले, असंच दाबलं. गाडी येईपर्यंत दाबत राहिला. शेवटी शेजाऱ्यांनी दंड धरून त्याला उठवलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तेव्हाही रामच म्हणत होता?"

"व्हय. दुसरं काय येतंय मला?"

तेच हात, तेच नाव. माझं माणूस परत आलं आणि त्याचं गेलं. मी विचारलं, "राग नाही आला देवाचा?"

"आला की. दोन म्हैनं दिवा न्हाई लावला. पन नाव सुटंना." तो फोटोकडे बघत होता. "आवं ताई, नाव घेतलं म्हंजी ती वाचलीच पायजे, असं कुठं ठरलं हुतं आमचं?"

शरणागतीवर मी किती तासांची प्रवचनं दिली असतील, पण शरण गेलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आमच्यावर कृपा का झाली, हे मला ठाऊक नाही. आता मी ते विचारतही नाही. ती ज्या हातांनी आली, ते हात रिकामे राहिले होते, एवढं मात्र मला विसरता येत नाही.

निघताना यजमान उठून फोटोसमोर उभे राहिले. वाकता येत नव्हतं, म्हणून नुसते हात जोडले. यंदाच्या पितृपक्षात त्यांनी आपल्या आईवडिलांसाठी पानं वाढली आणि शेजारी आणखी एक पान मांडायला सांगितलं. मी विचारलं नाही, कुणाचं. मी त्यावर भात वाढला, वरण वाढलं, वर तूप सोडलं आणि हौसाबाईंचं नाव घेऊन पानाभोवती पाणी फिरवलं.