भाभीची डॉक्टरीण आणि माझे पाय

शेजारच्या भाभीला मोबाईलमधली डॉक्टरीण ‘अम्मी’ म्हणते, हे मला लई लागलं होतं. खोटं कशाला बोलू. भिंतीला भिंत लागून आमची घरं, तीस वर्षांचा घरोबा. मी शहागंजच्या दवाखान्यात दोन-दोन तास बाकड्यावर बसायची, अन् डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहायचा. ही मात्र आपल्या पलंगावर बसून झोप, गुडघा, भूक सगळं निवांत सांगायची. फोनमधून हसण्याचा आवाज यायचा. मी इकडं मेथी निवडत ऐकायची अन् जळायची. सुनेला म्हणायची, हात न लावता कसला इलाज?

मग माझेच पाय सुजले. चप्पल चढेना, तर शहागंज कुठलं गाठणार. सुनेनं त्याच डॉक्टरणीची वेळ घेतली अन् स्वतः कामावर जाताना भाभीला माझ्याजवळ बसवून गेली. नेमकं तेच मला नको होतं.

मी ठेवणीतलं लुगडं नेसले, डोक्यावर पदर घेतला. डॉक्टरीणबाई दिसली तसे पाय लुगड्यात नीट झाकून घेतले. नातीच्या वयाची पोर, पण डॉक्टर ती डॉक्टर. तिच्यापुढं पाय कसे पसरायचे? “काय होतंय आजी?” तिनं विचारलं. भाभीपुढं दुखणं कशाला उघडं करा, म्हणून मी म्हणाले, जरा जड वाटतात पाय. ती म्हणाली, थोडं चालत जा, अन् बोलणं आवरायला लागली.

भाभीनं माझ्या हातातला फोन घेतला.

“आक्का, मुंह क्या दिखा रई? पाँव दिखाओ.”

अन् स्वतःच लुगडं वर सारून माझ्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला.

डॉक्टरणीनं फोनजवळ तोंड आणून नीट पाहिलं. मग गोळ्यांची पाकिटं मागितली. भाभीनं एकेक फोनपुढं धरलं. डॉक्टरणीनं बीपीची गोळी बदलली, तिच्यानंच सूज येत असंल म्हणाली, रक्त-लघवी तपासायला सांगितली. शेवटी म्हणाली, “अम्मी, तुम्ही होतात म्हणून बरं झालं.” मी आपली आजीच राहिले.

पंधरा दिवसांत सूज उतरली. आता दर महिन्याला मी फोनवर बसते, आधी पाय दाखवते. भाभीला आवाज जाऊ नये म्हणून दार तेवढं लावून घेते. तरी परवा डॉक्टरणीनं विचारलंच, “शेजारच्या अम्मी कशा आहेत?”

बऱ्या आहेत म्हणाले, अन् पाय फोनच्या आणखी जवळ नेला.