दारामागची तीन मिनिटं

खिडकीला खरं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदावर आणि बायकोच्या रागात तेवढं उरलं होतं. बाकी दुनियेला तो खिडकीच. जुने सिनेमे दाखवणाऱ्या एका लहानशा थिएटरात तो मशीन चालवायचा. मशीनच्या खोलीतून पडद्याकडे बघायला भिंतीत वीतभर काच बसवलेली, आणि हा माणूस एकतीस वर्षं त्या काचेला नाक लावून उभा. काचेवर नाकाचा डाग पडलेला. तो पुसायला गेलं की म्हणायचा, "राहू द्या, त्याच्यामुळं उभं कुठं राहायचं ते कळतं."

खिशात पेनाऐवजी फिल्म जोडायची चिकटपट्टी. चष्म्याची दांडी, घरातल्या बादलीची कडी, टेबलावरच्या घड्याळाची पाठ, सगळं त्या पट्टीनं सांधलेलं. बायको म्हणायची, "मी मेले की मलाही पट्टी लावून उभी करतील हे." मशीनच्या आवाजावरून त्याला कळायचं की पट्टा सैल झालाय, तेल कमी पडलंय की आता रीळ संपत आलंय. माणसांचं मात्र तेवढं कळायचं नाही, असं त्याचं स्वतःचंच म्हणणं.

त्या थिएटरात दर रविवारी सकाळी दहाला एक जुना सिनेमा लागे आणि तो बघायला तिघं न चुकता येत. एक टेलरमास्तर, एक दातांचे डॉक्टर आणि एक गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. सिनेमा सुटला की तिघं बाहेरच्या दालनात बसत. हॉलमधून काढलेली तीन खुर्च्यांची एक जोडओळ तिथं भिंतीला टेकवून ठेवली होती, ती त्यांची हक्काची. पडदा विझला की खिडकी खाली उतरून चौघांचा चहा आणे आणि खांबाला टेकून उभा राही. खुर्च्या तीनच, आणि हा चौथा.

सगळे सिनेमे त्यांच्या भांडणाला पुरत, पण एका सिनेमानं मात्र त्यांचं आयुष्य खाल्लं होतं. त्याला ते 'दारवाला' म्हणत. परक्या भाषेतला, काळापांढरा. त्यात एक बाई शहरभर कुणाला तरी शोधत हिंडते. शेवटी एका इमारतीचे जिने चढते, एका दारावर थाप मारते, दार उघडतं, ती आत पाऊल टाकते, आणि खाड्‌कन पुढच्या दृश्यात ती बोटीवर उभी राहून हसत असते. बस. आत कोण होतं, काय झालं, काही नाही. वर्षातून दोनदा हा सिनेमा लागे आणि वर्षातून दोनदा चहा गार होई.

"जाताना कोटाचं बटन उघडं, बोटीवर बंद," मास्तर बोट नाचवत म्हणत. "मधलं बटन. आणि ते तिनं स्वतः नाही लावलेलं. स्वतः लावलं की कापड असं ओढलं जात नाही. समोरून कुणीतरी लावलंय. बाप होता आत, लिहून घ्या!"

"तुम्हाला माणसाच्या जागी कोटच दिसतो," डॉक्टर म्हणत. "तोंड बघा की! जिन्यात ओठ असे आवळलेले आणि बोटीवर बत्तीसच्या बत्तीस बाहेर. दुखरा दात उपटल्याशिवाय माणूस असं हसत नाही. आत तिचा नवरा निवांत काहीतरी खात बसला होता. तिनं बघितलं आणि सोडला."

बाई चष्मा पुसत. "आत कुणीच नव्हतं. उत्तर शून्य आलं की असंच हलकं वाटतं. चाळीस वर्षं पोरांचे चेहरे बघितलेत मी."

मग तिघं खिडकीकडे वळत आणि मास्तर विचारत, "तुला काय वाटतं रे?"

आणि खिडकी दरवेळी कप गोळा करायला वाकत म्हणे, "मी मशीनवाला माणूस. मला काय त्यातलं कळतंय."

हे साफ खोटं होतं. दारामागं काय आहे ते बघितलेला सगळ्या गावात तो एकटाच.

बावीस वर्षांपूर्वी दुसरं एक थिएटर बंद पडताना खिडकीच्या थिएटरच्या मालकिणीनं तिथले सिनेमाचे डबे उचलून आणले होते. त्यातच हा दारवाला. पहिल्या खेळाआधी शनिवारी दुपारी खिडकीनं तो एकट्यानं लावून बघितला. रिकामा हॉल, आणि पडद्यावर ती बाई जिने चढायला लागली. खिडकी स्टुलावर बसला होता तो उठून काचेशी गेला. दार उघडलं. तो इतका गुंग झाला की मागं पट्टा तुटल्याचा आवाज, जो त्याला झोपेतही आला असता, तो त्याला आलाच नाही. फिल्म रिळावर गुंडाळायची सोडून जमिनीवर सांडत होती. तीन मिनिटांची फिल्म म्हणजे ऐंशी मीटर. बोट दिसल्यावर हा भानावर आला, वळला, पायात ते भेंडोळं, झोकांडी गेली, स्टूल फिल्मवर पडलं, आणि आधाराला म्हणून जे धरलं ती फिल्मच. काठाची भोकं फाटली, जागोजाग चुण्या पडल्या. पट्टी लावायची म्हटली असती तर फिल्म कमी आणि पट्टी जास्त. त्यानं दोन टोकं कापली, जोडली, मधलं सगळं फेकून दिलं. नोकरी नवी नव्हती, पण मालकीण नवी होती. सांगू उद्या, म्हणाला. रविवारी खेळ झाला, तिघं भांडत बाहेर आले, डोळे चकाकत होते. त्या भांडणातूनच ते तिघं एकमेकांना पहिल्यांदा भेटले. आता यांना काय सांगायचं? उद्याचा परवा झाला, परवाची बावीस वर्षं झाली.

एका रविवारी मालकीण हातात कागद घेऊन दालनात आली. "गोड बातमी. आपल्या दारवाल्याची पूर्ण प्रत सापडलीय. परदेशातल्या संग्रहालयानं धुऊनपुसून नवी केलीय. पुढच्या रविवारी नव्या मशीनवर लावतोय."

डॉक्टरांनी कागद ओढून घेतला. "चौऱ्याण्णव मिनिटं? आपला एक्याण्णवचा आहे!"

तिघंही उभे राहिले. बाईंच्या मांडीवरची पिशवी घरंगळली.

"म्हणजे कुणीतरी कापलाय," मास्तर दातओठ खात म्हणाले. "बावीस वर्षं मला येड्यात काढलं! ज्यानं कापला ना, त्या हरामखोराचे हात माझ्या कात्रीखाली यायला पाहिजेत. सेन्सॉरवाला असेल नाहीतर विकणारा."

खिडकीनं मान हलवली. त्यानं रिकामा कप तोंडाला लावला आणि दोन घोट प्यायलासुद्धा.

घरी आल्यावर बायकोनं एकदा बघितलं आणि विचारलं, "दाराचं बाहेर आलं वाटतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. बावीस वर्षं झोपेत 'दार फाटलं, स्टूल उचल' ओरडताय. पहिल्या वर्षी वाटलं बाईबिईची भानगड आहे. मग म्हटलं, स्टुलाबरोबर कोण भानगड करतंय."

"आता काय करू? त्यांना वाटतंय सेन्सॉरवाल्यानं कापलं. वाटू दे की. कुणाला कळणार नाही."

"नाही कळणार," बायको शांतपणे म्हणाली. "मग मरेपर्यंत खांबाला टेकून उभे राहा. तोंड उघडलं की बाहेर पडेल या भीतीनं तुम्ही त्या तिघांत बावीस वर्षं एक वाक्य धड बोलला नाहीत. घरी मात्र त्या सिनेमांवर माझं डोकं खाता. मला एकही बघायचा नव्हता, सगळे तोंडपाठ आहेत."

खरं तेच होतं. सांगितलं तर ते उठून जातील, नाही सांगितलं तर तो कधीच बसणार नाही.

पुढच्या रविवारी तिघं अर्धा तास आधी हजर. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जसं काही मुलगी बघायलाच निघालेत. खिडकी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मी कापलाय."

"काय कापलंय?" डॉक्टर त्याच्या बोटांकडे बघायला लागले.

"सिनेमा. दारामागची तीन मिनिटं. मीच." आणि मग पट्टा, भेंडोळं, स्टूल, सगळं एका दमात सांगून मोकळा झाला.

बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे," बाई हळूच म्हणाल्या, "चव्वेचाळीस खेळ आम्ही तुमच्यासमोर बसून डोकं फोडत होतो, आणि तुम्हाला उत्तर माहीत होतं."

"हो, बाई."

"आणि तू कप गोळा करत होतास!" मास्तर ओरडले. "मी परवा तुझ्यासमोर त्याला हरामखोर म्हटलं, तेव्हा तू मान हलवलीस!"

"बरोबरच वाटलं मला ते."

डॉक्टरांना हसू फुटलं, पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी ते खोकल्यात घातलं. मास्तर तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले. "यापुढे माझा चहा मी स्वतः आणीन," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य म्हणजे सोडचिठ्ठीच.

"आता निदान सांगा तरी," डॉक्टर पुढं सरकले. "आत कोण आहे?"

"नको!" बाईंनी कानांवर हात ठेवले. मग एका कानावरचा काढला. "बरं, सांगा."

"म्हातारा आहे," खिडकी म्हणाला. "पाठमोरा. खुर्चीवर बसून संत्रं सोलतोय. ती बघते, तो वळत नाही, आणि ती निघून येते. माझ्या डोळ्यांसमोर आहे अजून. सालीची एक लांब लड लोंबतेय."

मास्तरांचे कान हलले. म्हातारा म्हणजे बापच की! पण त्यांनी तोंड भिंतीकडेच ठेवलं.

नव्या मशीनला माणूस लागत नाही. बटन दाबलं की चालू. खिडकीनं बटन दाबलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा खेळ चालू असताना तो जिना उतरून हॉलमध्ये आला. तिघांच्या मागच्या रांगेत अंग चोरून बसला. पडदा इतका मोठा असतो हे त्याला माहीतच नव्हतं.

जिने आले. थाप पडली. दार उघडलं.

आत एक बाई होती. मध्यमवयीन, केस विस्कटलेले, हातात धुतलेली चादर. तिनं आलेलीला काही विचारलं नाही. चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली आणि दोघी चादरीची घडी घालायला लागल्या. जवळ यायच्या, लांब जायच्या, पुन्हा जवळ. एक कोपरा जुळेना, तर पुन्हा उलगडली. तीन मिनिटं एवढंच. शेवटी त्या बाईनं घडी बाजूला ठेवली आणि आलेलीच्या कोटाचं मधलं बटन लावून दिलं.

"बटन!" मास्तर अंधारात उभे राहिले. "समोरून लावलं! लिहून घ्या!"

"बसा खाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

खिडकी थिजून गेला होता. म्हातारा कुठं गेला? संत्रं कुठं गेलं? त्यानं बघितलं होतं, शपथेवर सांगितलं असतं. सालीची लड...

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी त्याला गाठलं. "काय हो, संत्रं कुठाय?"

"मला खरंच दिसलं होतं, डॉक्टर."

बाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या, आणि एकाएकी त्या खुदकन हसल्या. निवृत्तीनंतर बहुतेक पहिल्यांदाच. "अहो, म्हातारा मास्तरांचा! खाणारा माणूस डॉक्टरांचा! आणि मुळीच वळत नाही, म्हणजे असून नसल्यासारखा, तो माझा! आम्ही तिघांनी मिळून यांची तीन मिनिटं खाल्ली!"

डॉक्टर खुर्चीच्या दांड्यावर हात आपटत हसायला लागले. "म्हणजे याला पण काहीच माहीत नव्हतं! बावीस वर्षं उगाच गुन्हेगार!"

मास्तर हसले नाहीत. ते खिडकीसमोर येऊन उभे राहिले. "माझा विजय," ते म्हणाले, "बावीस वर्षं तू स्टुलाखाली दाबून ठेवलास."

"कसला विजय?" डॉक्टर म्हणाले. "बाप कुठं होता?"

"बटन होतं ना!"

"माझं विचाराल तर," बाई म्हणाल्या, "कापलेलाच चांगला होता. कोरा ठेवलेला प्रश्न. ही चादर म्हणजे उत्तर छापून टाकल्यासारखं झालं."

"ती तीन मिनिटं पाहिजेतच!" मास्तर कडाडले. "बटनासाठी!"

"बटन गेलं खड्ड्यात!"

तिघांनी वळून बघितलं. हे खिडकी बोलला होता. त्याचं त्यालाही नवल वाटलं, पण आता तोंडाला लागलेलं बूच उडालं होतं. "तीन मिनिटं पाहिजेतच, पण बटनासाठी नाही. बाई, उत्तर कुठं छापलंय? ती कोण आहे ते सांगितलंय का कुणी? तो न जुळणारा कोपरा बघितलात? मास्तर, तुम्ही बटन बटन करत उभे राहिलात, त्या वेळी तिचे हात बघायचे होते! घडी घालायची सवय असलेले हात होते. ती त्या घरात आधी राहिलेली आहे!"

डॉक्टर आणि बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मग मास्तरांनी बाह्या वर सारल्या. "राहिलेली? कशावरून? आणलास पुरावा? एकतीस वर्षं वीतभर भोकातून बघणाऱ्यानं मला हात शिकवायचे?"

"थांबा," खिडकी म्हणाला. "आलोच."

तो दोन-दोन पायऱ्या चढत मशीनच्या खोलीत गेला आणि ते जुनं स्टूल खांद्यावर टाकून खाली आला. एका पायाला पट्टी गुंडाळलेली. जोडओळीच्या शेजारी, मास्तरांच्या बाजूला, त्यानं ते दाणकन ठेवलं आणि बसला.

"हेच का ते?" मास्तरांनी विचारलं.

"हेच."

मास्तरांनी स्टुलाकडे बघितलं, पायानं ते जरा जवळ ओढलं, आणि डॉक्टरांना म्हणाले, "आज चहा तुम्ही आणा. याचं अजून माझ्याकडून ऐकून व्हायचंय."