सुजाताताईंच्या सेवेतला खंड

प्रसूतीच्या खोलीत कुणाचा आवाज चढला, की सुजाताताई त्याला सरळ बाहेर जायला सांगायच्या. मग ते डॉक्टर का असेनात. "वरडायचं असंल तर ती वरडंल," म्हणायच्या, "कळा तिला येतायत."

सरकारी परीक्षा पास होऊन मी तळा गावाच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा त्या तिथे चौदा वर्षं बाळंतपणं करत होत्या. कंत्राटावर. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस घरी बसायचं, की पुन्हा अकरा महिने. पहिलं बाळंतपण करताना मी मध्येच अडले. त्यांनी मागून माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि ते बाळ आम्ही दोघींनी मिळून बाहेर घेतलं. पुढे जे काही शिकले ते त्यांच्याकडूनच.

पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, किती आला. मी कमी करून सांगितला. त्या हसल्या.

"खोटं कशाला बोलतेस? मला वीस हजार, तुला त्याच्या दुपटीच्या वर. ठावं हाय सगळ्यांना. तू थोडीच चोरलेस?"

मला त्यांच्याकडे बघवेना. त्या मात्र लगेच पुढच्या बाईचं बीपी घ्यायला गेल्या.

एका दुपारी खाडीकडच्या कोळीवाड्यातली एक सून बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. आमच्याकडे रक्तपेढी नव्हती. ॲम्ब्युलन्स अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघाली. एक मूठ आतून आणि दुसरा हात पोटावरून, असं गर्भाशय दाबून धरून सुजाताताई अख्खा रस्ता गुडघ्यांवर बसून होत्या. मी मध्येच म्हटलं, मी धरते. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. बाई वाचली. नंतर त्यांची बोटं उघडेनात, ती मी एकेक करून सरळ केली.

तिथल्या डॉक्टरांनी त्यांचं फार कौतुक केलं. ताई म्हणाल्या, साहेब, हे कागदावर लिहून द्याल का? नोकरीत कायम करण्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. तो कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाइलला लावला. ते वर्षभर त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदाच 'कायम झाल्यावर' असं यायला लागलं. कायम झाल्यावर मुलीला पनवेलला शिकायला ठेवायचं होतं, गुडघे दाखवायचे होते.

उत्तर आलं ते चार ओळींचं. दरवर्षीच्या एका दिवसामुळे सेवेत खंड पडलेला आहे, आणि आता वयही बसत नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. त्या दिवशी दोन बाळंतपणं होती, दोन्ही त्यांनीच केली. करार संपला तेव्हा मात्र त्यांनी नव्या करारावर सही केली नाही. मी खूप समजावलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता मला त्यो एक दिस घरी बसवत न्हाय."

वर्षभराने मी त्यांना भेटायला अलिबागला गेले. मुंबईच्या एका कुटुंबाच्या बंगल्यात त्या राहत होत्या. तिथल्या अंथरुणाला खिळलेल्या आजींचं सगळं त्या करायच्या. मागच्या पायरीवर आम्ही बसलो. पगार विचारायचा धीर मला झाला नाही, त्यांनीच सांगितला. दवाखान्यापेक्षा पाच हजार जास्त होता.

"मुलगी पनवेलला हाय," त्या म्हणाल्या. "चांगलं चाललंय."

मी विचारलं, दवाखान्याची आठवण येते का? "इथं कोण जन्मत न्हाय," म्हणाल्या. "या म्हातारीचं झालं की दुसरी बघायची."

आतून घंटा वाजली. त्या कठड्याला धरून उठल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चहा दिला असता गं. पण इथल्या सैपाकघरात मला कशाला हात लावायची परवानगी न्हाय."